मिस्त्रीकाकांच्या पलंगाखालचे यंत्र

गेल्या जयंतीला आमच्या वसाहतीच्या विहारात ठरलेले वक्ते वेळेवर पोहोचले नाहीत आणि मंडळाच्या तरुणांनी आम्हालाच माईकपुढे उभे केले. तयारी काहीच नव्हती. खिशात एक जुने टिपण होते, अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधकांच्या नावांचे. तेच वाचून दाखवायचे ठरविले. त्यात जॉन अल्बर्ट बर हे नाव आले. "बंधू-भगिनींनो, साहेब लोकांच्या बंगल्यापुढची हिरवळ ज्या यंत्राने कापतात, ते यंत्र एका काळ्या माणसाने शोधून काढले आहे!" असे आम्ही आवाज चढवून सांगितले. टाळ्या पडल्या. आम्हालाही बरे वाटले.

कार्यक्रम संपला, चहा चालू झाला, तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ हळूच जवळ आले. "जयभीम भाऊ. बोललात छान. पण एक विचारू का? त्या बरसाहेबांच्या यंत्राची पाती कशी होती? जमिनीलगत पंख्यासारखी फिरणारी, का रोलरवर गुंडाळल्यासारखी?"

आम्ही गप्प. बी. कॉम. झालेल्या माणसाला जमाखर्च कळतो, पाती कुठून कळणार? गृहस्थ हसले. म्हणाले, "रविवारी घरी या. माझ्याकडे एक आहे. बघा म्हणजे कळेल."

हे आमचे मिस्त्रीकाका. मुंबईच्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल त्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून त्यांनी तीन मुलांची शिक्षणे केली. रविवारी गेलो. दहा बाय बाराची खोली, भिंतीला बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो, खिडकीत कोरफडीची एक कुंडी. काकांनी पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेले एक धूड बाहेर ओढले. ते ओढल्याबरोबर काकींनी स्वयंपाकाच्या ओट्याकडून आवाज दिला, "दाखवा, दाखवा! दारात गवताची काडी नाही आणि गवत कापायचे यंत्र बाळगलेय. वीस वर्षे झाली, माझ्या गाद्या ठेवायची जागा याने खाल्ली."

काकांनी ते ऐकलेच नाही.

दोन बाजूंना बिडाच्या जाड फळ्या, मागे लोखंडी रोलर, पुढे पाच पाती एका आसावर पिळून बसविलेली, आणि वर लांब दांडा, ज्याच्या टोकाला हाताच्या घामाने काळीकुळकुळीत झालेली लाकडी मूठ. हिरवा रंग कुठेकुठे टिकून होता. बिडावर ओतीव अक्षरे होती : रॅन्सम्स, इप्सविच. कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून ते भंगारवाल्याकडे आले आणि काकांनी वजनावर विकत घेतले. आम्ही कारकून असल्यामुळे पुढचे-मागचे डोळ्यांपुढे उभे राहिले. जडवस्तू संग्रह नोंदवहीत 'गवत कापणी यंत्र, जुने, नादुरुस्त, नग १' अशी ओळ, तिच्यापुढे निर्लेखनाची सही, आणि काम संपले. आम्ही स्वतः अशा कितीतरी ओळी लिहिल्या आहेत. ती वस्तू आहे कशी, हे उठून पाहिल्याचे मात्र आठवत नाही.

काका म्हणाले, "नादुरुस्त कसली! धार गेली होती आणि गवत अडकून गंजले होते. आठ दिवसांत चालू केले."

मग त्यांनी आम्हाला यंत्र समजावून सांगितले, ते वाचकांनीही समजून घ्यावे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. दांडा धरून ढकलले की मागचा रोलर फिरतो. रोलरच्या कडेला दाते, त्यातून दुसरी चाके, आणि शेवटी ती पिळलेली पाती रोलरच्या कितीतरी पट वेगाने फिरतात. त्यांच्या खाली एक सरळ पाते घट्ट बसविलेले असते. फिरते पाते त्या स्थिर पात्यावरून सरकत गेले की मधले गवत कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. पाते पिळलेले एवढ्यासाठी की सगळी रुंदी एकदम कापायला गेली तर हिसका बसेल. पिळामुळे कात्री एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धावत जाते. विलायतेत अशा यंत्राला चालताना येणाऱ्या किर्रर्र आवाजावर जीव टाकणारी माणसे आहेत. काकाही त्यातलेच. त्यांनी चाक हाताने फिरवून तो आवाज ऐकविला आणि आमच्या तोंडाकडे पाहिले.

"आता सांगा भाऊ, हे यंत्र कुठले?"

"बागेतले," आम्ही म्हणालो.

"चूक. हे आमच्या फिनिशिंग खात्यातले. बाहेर हिंडायला गेले आहे, एवढेच."

गिरणीत काम केलेल्या वाचकांना पटेल. विणून आलेल्या कापडावर लव आणि सुटे धागे असतात. ते कातरायला जे शिअरिंग मशीन असते त्यात अशीच पिळलेली पाती आणि त्याखाली अशीच एक स्थिर पट्टी. त्या पट्टीला गिरणीत लेजर ब्लेड म्हणतात, हे काकांनी सांगितले तेव्हा आमच्यासारख्या खतावणी लिहिणाऱ्याला गंमत वाटली. काकांनी कुठल्याही पुस्तकात न वाचता, नुसता हात फिरवून त्या यंत्राचे कूळ ओळखले होते. आम्ही नंतर वाचनालयात जाऊन पाहिले. काका शंभर टक्के बरोबर निघाले.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड हे गाव आहे. तिथल्या खोऱ्यात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या आणि तिथले लाल कापड इंग्रजी फौजेच्या डगल्यांना जाई. कापडावरची लव पूर्वी कारागीर मोठमोठ्या जड कात्र्यांनी हाताने कातरीत. पुढे यंत्रे आली. जॉन लुइस नावाच्या तिथल्याच गिरणीवाल्याने १८१५ साली पिळलेल्या पात्यांच्या कातर-यंत्राचे पेटंट घेतले. अशी यंत्रे बनविण्या-दुरुस्त करण्याच्या कामात एडविन बडिंग नावाचा माणूस होता. लव कातरणारी पाती पाहून त्याच्या मनात आले, कापडाऐवजी खाली गवत असले तर? जॉन फेराबी या फाउंड्रीवाल्याने पैसा घातला, आणि १८३० साली बडिंगच्या यंत्राला पेटंट मिळाले. जगातले पहिले हिरवळ कापायचे यंत्र ते हेच. रुंदी १९ इंच, अंग सगळे लोखंडाचे. रोलर एकदा फिरला की पाती १६ वेळा फिरत. एवढे जड, की मागून एकाने ढकलायचे आणि पुढून दुसऱ्याने ओढायचे. आणखी एक गोष्ट ऐकून काका फार खूश झाले. स्क्रू फिरवून तोंड लहान-मोठे करायचा पाना असतो ना, तशा पान्याची एक बनावट याच बडिंगची. "म्हणजे तो आपल्यातला, फिटर!" काका म्हणाले. हा बडिंग १८४६ साली वारला.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता आमच्यातला कारकून जागा होतो.

यंत्र येण्यापूर्वी हिरवळ कापायला लांब दांड्याचे विळे घेऊन माणसे रांगेने चालत. गवत दंवाने ओले असताना नीट कापले जाते, वाळले की विळ्यापुढे लवते, म्हणून हे काम पहाटे. मागून दुसरी माणसे झाडून घेत. बडिंगचे यंत्र कोरड्या गवतावर, दिवसाउजेडी चाले, कापलेले गवत पुढच्या पेटीत पडे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने सुरुवातीलाच एक यंत्र घेतले होते. तिथल्या मुकादमाने १८३१ साली शेरा दिला की, दोन माणसे या यंत्रावर सहा ते आठ विळेवाल्यांचे व झाडूवाल्यांचे काम करतात. शेरा कौतुकाचा आहे. पण आठांतून दोन गेले, सहा राहिले. त्या सहांची नोंद कुठल्या पानावर?

आम्ही हे बोललो तेव्हा मिस्त्रीकाका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यार्कशायरात कात्रीवाल्यांनी यंत्रे फोडली होती ना? युनियनच्या शिबिरात आम्हाला सांगितले होते." खरे आहे. १८१२ साली तिथल्या कातरकाम करणाऱ्या मजुरांनी रात्री गिरण्यांवर हल्ले करून कातर-यंत्रे फोडली, आणि पुढच्या वर्षी त्या चळवळीतील माणसे फासावर गेली. ज्या जातीच्या यंत्राने त्यांचा घास गेला, त्याच जातीचे यंत्र पुढे बागेत आले आणि उमराव लोकांची करमणूक झाले. बडिंगच्या पेटंटमध्येच म्हटले आहे की खेड्यातल्या धनिकांना हे यंत्र स्वतः चालवायला मौजेचे आणि प्रकृतीला हितकर वाटेल. पोटासाठी पहाटे उठून करतो तो मजूर, आणि हवा खायला करतो तो धनिक. काम एकच.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने १८३२ पासून परवाना घेऊन ही यंत्रे बनवायला घेतली. १८४२ साली स्कॉटलंडमधल्या शँक्स या कारखानदाराने तट्टाने ओढायचे २७ इंची यंत्र केले. तट्टाच्या खुरांनी हिरवळ बिघडू नये म्हणून अशा जनावरांना चामड्याचे बूट घालीत. (माणसाच्या पायात वहाण नसलेल्या देशात हे वाचताना कसेसेच होते.) आपल्याकडे इंग्रज आले तेव्हा तट्टाच्या जागी बैल जुंपले गेले. लीड्सच्या थॉमस ग्रीनने १८५९ साली दात्यांच्या चाकांऐवजी साखळी लावून आवाज कमी केला. १८९३ साली वाफेवर चालणारे आले, १९०२ साली रॅन्सम्सचे पेट्रोलचे, आणि १९२१ साली बर्मिंगहॅमचे ॲटको, २२ इंची, किंमत ७५ पौंड. जमिनीलगत पंख्यासारखे फिरणारे पाते १९३० नंतरचे. ऑस्ट्रेलियात १९५२ साली मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी घरच्या गॅरेजमध्ये भंगार जोडून तसले यंत्र केले. सुट्टीत लोकांची हिरवळ कापून पैसे मिळविणाऱ्या मुलासाठी. पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी पीच फळांचा रिकामा डबा लावला. तेच पुढे व्हिक्टा. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात माणसे ही यंत्रे ढकलीत मैदानात आली होती.

मिस्त्रीकाकांना आम्ही हेही सांगितले की त्यांचे वेड जगावेगळे नाही. इंग्लंडमध्ये १९९० साली जुन्या यंत्रांच्या शौकिनांनी ओल्ड लॉनमोअर क्लब काढला. साउथपोर्ट गावी तर या यंत्रांचे आख्खे संग्रहालयच उभे राहिले. तेव्हाचे युवराज आणि आजचे राजे चार्ल्स व डायना यांचे यंत्रही त्यात ठेवले गेले. ते त्यांनी किती वेळा ढकलले असेल, ते वाचकांनीच ठरवावे. पण त्या शौकिनांची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. यंत्र हाती आले की ती मंडळी आधी त्यावरची ओतीव अक्षरे घासून वाचतात, जुन्या किंमत-याद्यांशी ताडतात, अमुक खिळा मूळचा का मागून घातलेला हे शोधतात. कुणी केले, कोणत्या साली केले, याचा खरा छडा लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

यंत्र कुणी ढकलले, हे मात्र त्या बिडावर कुठेच नसते. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात १८९० नंतरच्या वर्षांत महिना ४ रुपयांवर एक चांभाराचा मुलगा खेळपट्टीवर रोलर फिरवी, सरावाच्या जाळ्या बांधी, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण तो पालवणकर बाळू होता आणि १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. त्या हिरवळीवर त्याच्याबरोबर राबणारे बाकीचे कोण होते? काकांच्या यंत्राची मूठ ज्याच्या घामाने काळी झाली तो माळी कोण? कचेरीच्या वहीत यंत्राचा नंबर होता, एवढे खरे.

आता आमच्या चुकीकडे येतो. जॉन अल्बर्ट बर यांनी हे यंत्र शोधून काढलेले नाही. ते बडिंगने ६९ वर्षे आधी केले होते. अमेरिकेतसुद्धा कनेक्टिकटच्या अमरिया हिल्सने १८६८ सालीच पेटंट घेतले होते. मग बर यांनी काय केले? मॅसॅच्युसेट्स राज्यातील अगावाम गावच्या या माणसाला ९ मे १८९९ रोजी अमेरिकेचे ६,२४,७४९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी ३४ वर्षे झाली होती. काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की त्यांची पाती पिळलेलीच होती, पंख्यासारखी नव्हे. त्यांची सुधारणा अशी की दात्यांची चाके पूर्ण झाकून टाकली, म्हणजे त्यात गवत शिरून ती अडकू नयेत. आणि चाके अशा बेताने बसविली की भिंतीच्या अगदी कडेपर्यंत कापता यावे.

हे सांगितल्याबरोबर मिस्त्रीकाका उठून बसले. यंत्र उलटे केले, कडेच्या झाकणाच्या आत बोट घालून दाखविले. "हे बघा. गवत अडकते ते इथेच. माझ्याकडे आले तेव्हा इथेच मूठभर कुजलेले गवत होते, आणि त्यामुळेच ते नादुरुस्त ठरले. आणि भिंतीकडेचे गवत राहते, ते पुन्हा वाकून विळ्याने काढावे लागते. ही पीडा गच्चीवरून हिरवळ बघणाऱ्याला कळायची नाही भाऊ. दांडा ज्याच्या हातात आहे त्यालाच कळणार." मग थोडे थांबून म्हणाले, "एवढे मोठे काम केले त्या माणसाने आणि तुम्ही ते न सांगता भलतेच सांगितलेत."

आम्हाला हे लागले. टाळ्या मिळाव्यात म्हणून दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम आपल्या माणसाच्या खाती लावायची, आणि त्याची स्वतःची रास्त जमा लिहायचीच राहून जायची, असा हा प्रकार झाला. कचेरीत असे केले असते तर आम्हाला मेमो मिळाला असता. शिवाय उद्या एखाद्या पोराने शाळेत ते सांगितले आणि मास्तरांनी बडिंगचे नाव काढून त्याला खाली बसविले, तर ते पोर पुढे बर यांचे खरे कामही सांगायला धजणार नाही. म्हणून विहाराच्या फळ्यावर आम्ही दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती लिहिली, आणि इथेही लिहीत आहोत. त्या टिपणातली बाकीची नावेही एकेक करून तपासायला घेतली आहेत. हात काळे करणाऱ्या कुणा वाचकाला त्यात मदत करता आली तर जरूर भेटावे.

निघताना काकांनी विचारले, "धार बघायची?" या यंत्राची धार कागदावर बघतात. कागदाची पट्टी स्थिर पात्यावर धरायची आणि फिरती पाती हाताने हळूच फिरवायची. डावीकडून उजवीकडे सगळीकडे स्वच्छ कापली गेली पाहिजे. धार गेली असेल तर पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावून ती उलटी फिरवीत बसायचे, पाती आपली आपणच एकमेकांवर घासली जातात. काकींनी फळीवरून रद्दी दिली. ती नेमकी आपल्याच साप्ताहिकाची निघाली. काकांनी पान उलगडले, आमच्या सदराची एक उभी पट्टी फाडली आणि पात्याला लावली. चर्रकन तुकडे पडले. डाव्या कडेला मात्र दोन बोटे कागद नुसता दुमडला.

काकांनी भुवया आकसल्या. खिशातून पाना काढून डावीकडचा स्क्रू जेमतेम पाव आटा फिरविला, आणि म्हणाले, "अजून एक पट्टी द्या."